काळ्या आकाशाचा छायाचित्रकार

१० एप्रिल १९२७ रोजी कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्यात पंचविशीतला एक तरुण पाठीवर जड कॅमेरा, तिवई आणि काचेच्या बारा प्लेटा घेऊन बर्फाने भरलेल्या घळीतून वर चढत होता. सोबत काही मित्र आणि पुढे त्याची पत्नी झालेली व्हर्जिनिया बेस्ट होती. हाफ डोम या प्रचंड ग्रॅनाइट कड्यासमोर तो पोहोचला, तेव्हा बारापैकी दोनच प्लेटा शिल्लक होत्या. त्याने पहिली प्लेट नेहमीच्या पिवळ्या फिल्टरमधून घेतली. ती बाजूला ठेवताना त्याच्या ध्यानात आले, की या प्लेटेवर आकाश फिकट करडे उमटेल. कडा जसा आहे तसा दिसेल. पण त्यापुढे उभे राहताना मनात दाटलेला दरारा मात्र त्यात उतरणार नाही. त्याने पिवळा फिल्टर काढला, गडद लाल फिल्टर बसवला आणि अखेरची प्लेट पाच सेकंद उघडली. छायाचित्र तयार झाले तेव्हा निळे आकाश जवळजवळ काळे झाले होते, बर्फ लखलखत होता आणि त्या दोहोंमध्ये कडा एखाद्या मूर्तीसारखा उभा होता.

तो तरुण म्हणजे अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. विसाव्या शतकातील निसर्गछायाचित्रणावर ज्यांच्या कृष्णधवल चित्रांची सर्वांत खोल मुद्रा उमटली, त्या अ‍ॅडम्स यांच्या साऱ्या कलेचे बीज या दुसऱ्या प्लेटेत आहे.

त्यांचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. १९०६च्या भूकंपानंतरच्या एका धक्क्यात पडून मोडलेले नाक जन्मभर वाकडेच राहिले. शाळेत ते रमले नाहीत; वडिलांनी त्यांना घरीच शिकू दिले. बाराव्या वर्षी पियानो हाती आला आणि पुढची बरीच वर्षे वादक होण्याचेच स्वप्न त्यांनी बाळगले. १९१६ साली कुटुंबासोबत ते योसेमिटीला प्रथम गेले आणि तेथेच आईवडिलांनी त्यांना कोडॅकचा साधा बॉक्स कॅमेरा दिला. संगीत की छायाचित्रण, हा प्रश्न १९३०च्या सुमारास सुटला. न्यू मेक्सिकोतील ताओस येथे पॉल स्ट्रँड यांची भेट झाली. स्ट्रँड यांच्याकडे दाखवायला छापील चित्रे नव्हती, केवळ निगेटिव्ह होत्या. त्या पाहूनच अ‍ॅडम्स यांनी आपली वाट निश्चित केली. संगीत मात्र सुटले नाही. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि डार्करूममध्ये काढलेली प्रत म्हणजे तिचे वादन, असे ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

कृष्णधवल छायाचित्रातील मूळ अडचण त्यांनी फार लवकर ओळखली होती. डोळ्याला लाल फूल आणि हिरवे पान परस्परांपासून सहज वेगळे दिसते; पण दोन्हींचा उजळपणा सारखा असेल, तर रंग काढून घेताच दोन्ही एकाच करड्या छटेत मिसळून जातात. रंगाच्या विरोधावर उभे असलेले दृश्य कृष्णधवलात कोसळते. याउलट जेथे प्रकाश, सावली, आकार आणि पोत हेच दृश्याचे प्राण असतात, तेथे रंग गेल्याने काही हरवत नाही. उलट दृष्टी विचलित करणारे एक कारण कमी होते. खडक, हिम, ढग, जुनाट झाडांची साल हे अ‍ॅडम्स यांचे आवडते विषय याच जातीचे आहेत. आणि फिल्टर हाती असला, की कोणत्या रंगाची कोणती छटा व्हावी हेही छायाचित्रकाराला ठरवता येते. लाल काच निळा प्रकाश अडवते, म्हणून आकाश काळवंडते. हा निर्णय मात्र कळ दाबण्यापूर्वी घ्यावा लागतो. अंतिम चित्र आधी मनात पाहावे, मगच कॅमेऱ्याकडे वळावे, हा त्यांचा दंडक झाला.

१९३२ साली एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदींसह त्यांनी ‘एफ ६४’ हा गट स्थापन केला. छायाचित्राला चित्रकलेची नक्कल करायला लावणाऱ्या धूसर शैलीला या गटाचा विरोध होता. त्या दशकाच्या अखेरीस फ्रेड आर्चर यांच्या सहकार्याने त्यांनी ‘झोन सिस्टिम’ बांधली. गडद काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा अकरा पायऱ्या, मध्ये पाचवी पायरी मध्यम करड्याची. दृश्यातील कोणता भाग कोणत्या पायरीवर बसवायचा हे ठरवून त्यानुसार प्रकाश द्यायचा आणि निगेटिव्ह धुण्याचा काळही त्यानुसारच कमीअधिक करायचा, अशी ही पद्धत. अंदाजावर चाललेल्या कामाला तिने शास्त्राची शिस्त दिली.

या शिस्तीची कसोटी १ नोव्हेंबर १९४१च्या सायंकाळी लागली. न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्याजवळून मोटारीने जात असताना पूर्वेला उगवलेला चंद्र आणि मावळतीच्या उन्हात चकाकणारे दफनभूमीतले क्रूस त्यांना एकाच वेळी दिसले. घाईत प्रकाशमापक सापडेना. चंद्राच्या तेजाचा आकडा त्यांना पाठ होता. त्यावरून मनातल्या मनात गणित मांडून त्यांनी एक छायाचित्र घेतले. दुसऱ्यासाठी फिल्म उलटवेपर्यंत क्रुसांवरचे ऊन गेले होते. त्या एका निगेटिव्हच्या पुढे हजाराहून अधिक प्रती त्यांनी स्वतः काढल्या. सुरुवातीच्या प्रतींत आकाश फिकट आणि ढगांच्या रेघांनी भरलेले आहे. वर्षे सरली तसे ते काळे होत गेले. स्वरलिपी एकच होती, वादन प्रौढ होत होते.

याच काळात रंगीत फिल्मने बाजारात पाय रोवले होते. कोडॅकची कोडाक्रोम १९३०च्या दशकात आली आणि अ‍ॅडम्स यांनीही ती वापरली. त्यांनी हजारो रंगीत छायाचित्रे घेतली, हे त्यांच्या अनेक चाहत्यांना ठाऊकही नसते. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात कोडॅक झळकवीत असे त्या साठ फूट रुंदीच्या रंगीत पारदर्शिकांसाठीही त्यांनी काम केले. कलाचित्रांची विक्री तुटपुंजी असताना अशा व्यावसायिक कामांवर घर चालत होते. पण ज्या कामाने पोट भरत होते, त्यावर त्यांचे मन बसले नाही.

कारण केवळ आवडीचे नव्हते. कृष्णधवलात फिल्टर, प्रकाश, निगेटिव्हची धुलाई आणि प्रत काढणे हे सारे त्यांच्या हाती होते. कोडाक्रोमची धुलाई कारखान्यात ठरीव रीतीने होई. त्याहून खोल कारण दृष्टीचे होते. रंगीत चित्र पाहणारा त्याला वास्तव समजतो, त्यामुळे त्यातील रंग किंचित चुकला तरी खोटेपणा जाणवतो. कृष्णधवल चित्र मात्र आरंभापासूनच वास्तवापासून दूर असते. आकाश काळे केले म्हणून कोणी फसवणूक मानत नाही, उलट त्यातली भावना स्वीकारतो. नीट साधलेल्या कृष्णधवल चित्रातूनच रंगांचा अधिक प्रत्यय येतो, असे त्यांचे मत होते. बेसूर पियानोवर वाजवणाऱ्या वादकाची जी अस्वस्थता, तीच त्यांना रंगीत फिल्मसमोर वाटे.

या चित्रांचा उपयोग त्यांनी भिंती सजवण्यापुरता ठेवला नाही. किंग्ज कॅनियन परिसराच्या रक्षणासाठी त्यांनी आपली छायाचित्रे घेऊन वॉशिंग्टन गाठले. १९४० साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. १९४३ साली मँझनार येथील छावणीत डांबलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकनांची छायाचित्रे घेऊन त्यांनी तो अन्याय देशापुढे मांडला. १९८० साली त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

उतारवयात रंगीत चित्रांच्या पुस्तकाचा विचार त्यांच्या मनात पुन्हा येऊ लागला होता. जन्मभर ज्याविषयी शंका बाळगली, त्याकडे एकदा नीट पाहावे असे त्यांना वाटत असावे. ते काम हातून झाले नाही. २२ एप्रिल १९८४ रोजी त्यांचे निधन झाले आणि निवडक रंगीत छायाचित्रांचे पुस्तक १९९३ साली, त्यांच्या पश्चात निघाले. त्यातील काही चित्रे सुंदर आहेत. तरीही अ‍ॅडम्स म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो हाफ डोमवरचा काळा आकाशपट. आज भ्रमणध्वनीवर बोटाच्या एका स्पर्शाने कोणतेही छायाचित्र कृष्णधवल होते. त्या तरुणाला मात्र हा निर्णय उरलेल्या एकमेव प्लेटेवर, कळ दाबण्यापूर्वी घ्यावा लागला होता.