झाक बेर्तियों

झाक बेर्तियों (११ नोव्हेंबर १८५१ – ७ जुलै १९२२) हे फ्रेंच वैद्य व संख्याशास्त्रज्ञ होते. आजचे आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण त्यांनी रचलेल्या मृत्युकारणांच्या यादीतून विकसित झाले.

त्यांचा जन्म पॅरिसचा. वडील लुई-आदोल्फ हेही वैद्य व संख्याशास्त्रज्ञ होते. गुन्हेगारांची ओळख शरीरमापांवरून पटवण्याची पद्धत काढणारे आल्फाँस हे धाकटे बंधू. १८८३ मध्ये वडिलांच्या जागी झाक पॅरिस नगराच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. फ्रान्सच्या घटत्या जन्मदराची त्यांना विलक्षण धास्ती होती. १८९६ मध्ये लोकसंख्यावाढीसाठी त्यांनी संघटना काढली. या विषयावर मात्र त्यांच्यातील संख्याशास्त्रज्ञापेक्षा प्रचारकच अधिक बोलतो.

मृत्युकारणांची यादी

एकाच आजाराला देशोदेशी निरनिराळी नावे असल्याने मृत्यूंच्या आकड्यांची तुलना होत नसे. १८९३ मध्ये शिकागो येथे आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेपुढे बेर्तियोंनी ४४, ९९ व १६१ शीर्षकांच्या तीन याद्या मांडल्या. सर्व शरीराला ग्रासणारे रोग वेगळे काढून उरलेले अवयवांनुसार लावावेत, हे त्यांचे सूत्र होते. १९०० मध्ये पॅरिसच्या परिषदेत २६ देशांच्या प्रतिनिधींनी सुधारित यादी स्वीकारली. दर दहा वर्षांनी ती तपासण्याचेही ठरले.

त्याच काळात बुलढाणा जिल्हा ज्या वऱ्हाडात होता, तेथे मृत्यूची खबर वैद्याकडून नव्हे, तर गावकामगारांकडून येई. पटकी, देवी, ताप, हगवण अशा मोजक्या रकान्यांत ती बसवली जाई. ‘ताप’ या रकान्यात काय काय दडले असेल, हे सांगणे अवघड. अंतर्गळ अडकून मेलेल्या शेतकऱ्यासाठी त्यात स्वतंत्र जागा नव्हती. खुद्द बेर्तियोंच्या यादीतही अंतर्गळ व आतड्याचा अवरोध एकाच शीर्षकाखाली होते.

नंतरचा प्रवास

१९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले आणि मृत्यूंबरोबर आजारांचीही नोंद सुरू झाली. दहाव्या आवृत्तीत जांघेतील अंतर्गळाला ‘के ४०’ हा संकेतांक आहे. दुबाजू की एकबाजू, अवरोध किंवा कोथ आहे का, एवढे पुढचा अंक सांगतो. शस्त्रक्रियेनंतर तो पुन्हा उद्भवला आहे काय, हे मूळ आवृत्तीत कळत नाही. अमेरिकेने आपल्या रूपांतरात त्यासाठी आणखी एक अंक जोडला: ‘के ४०.९१’ म्हणजे अवरोध वा कोथ नसलेला, एकबाजू, पुनरुद्भवी अंतर्गळ. हा अंक नसेल, तर पहिल्यांदा आलेला रुग्ण व शिवण सैल पडून परतलेला रुग्ण सांकेतिक नोंदीत एकसारखेच दिसतात.