भास्कराचार्य
थोर ज्योतिर्गणिती भास्कराचार्य इ. स. १११४ सालीं जन्मले. छत्तिसाव्या वर्षीं त्यांनीं ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. पृथ्वी स्थिर आहे हें त्यांचें गृहीत होतें. तें पुढें टिकलें नाहीं. ग्रहाची गति आधीं एकसारखी मानावयाची व मग तींत संस्कार करावयाचा, ही रीत जुनीच. परंतु चंद्राची गति क्षणोक्षणीं पालटते. तिथि संपण्याची वेळ जवळ असतां सबंध दिवसाची गति धरली, तर गणित चुकतें, सणावारांचा घोळ होतो. तेथें त्या क्षणाची ‘तात्कालिक’ गतिच घ्यावी, असें त्यांचें प्रतिपादन. वेग शिकतांना विद्यार्थी अडखळतात ते नेमके येथेंच!

औंढा नागनाथच्या देवळाशीं ज्या यादवांचें नांव जोडतात, त्यांतील सिंघण राजाचा ज्योतिषी चंगदेव हा त्यांचा नातू. १२०७ च्या पाटण येथील शिलालेखांत, आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं त्यानें मठ स्थापिल्याची नोंद आहे.