लुई ब्रेल : बोटांना अक्षरे देणारा शिक्षक

आपल्या मंडळीत एखादे अंध मूल आहे काय? असल्यास रविवारच्या शाळेत ते कोठे बसते आणि त्याच्या हाती वाचावयास काय असते, याचा विचार आपण कधी केला आहे काय? हा प्रश्न मनात ठेवून लुई ब्रेल याची जीवनकथा वाचावी, अशी आपणांस विनंती आहे.

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समध्ये, पॅरिसच्या पूर्वेस असलेल्या कूव्रे या खेड्यात झाला. त्याचे वडील खोगिरे व घोड्यांचा चामडी साज बनवीत. तीन वर्षांचा लुई वडिलांच्या कामाच्या खोलीत खेळत असता एक अणकुचीदार हत्यार निसटून त्याच्या डोळ्यात घुसले. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यासही संसर्ग झाला आणि पाच वर्षांचा होईतो त्याची दृष्टी पूर्णपणे गेली.

त्या काळी गरीब अंधाच्या वाट्यास बहुधा भीकच येई. लुईच्या आईवडिलांनी मात्र त्यास कोपऱ्यात बसविले नाही. गावचे धर्मगुरू पाल्युई यांनी त्यास शिकविण्यास आरंभ केला आणि पुढे गावच्या शाळेत इतर मुलांबरोबर त्यास जागा मिळाली. केवळ ऐकून तो हुशार विद्यार्थ्यांत गणला जाऊ लागला. परंतु इतर मुले पुस्तके उघडीत, तेव्हा त्याचे हात रिकामे राहत. शाळेत बाक मिळाला, तरी शिक्षणाचे दार अर्धेच उघडले होते.

१८१९ मध्ये, दहा वर्षांचा असताना, तो पॅरिस येथील अंध मुलांच्या संस्थेत दाखल झाला. व्हॅलेंटिन हाउई यांनी १७८५ मध्ये स्थापिलेली ही संस्था मुलांस अक्षरओळख, संगीत व हस्तव्यवसाय शिकवी. तेथील पुस्तकांत नेहमीचीच लॅटिन अक्षरे कागदावर उठविलेली असत. ती मोठी, बोटांना ओळखण्यास कठीण, आणि अंधाने स्वतः लिहावी अशी तर मुळीच नव्हती. डोळसांनी आपल्या डोळ्यांसाठी घडविलेली अक्षरेच त्यांनी अंधांच्या बोटांवर लादली होती. आम्हां भाषांतरकारांसही असाच मोह पडतो. वाचकास काय उमजते, यापेक्षा आपणांस काय सोयीचे, तेच आपण त्याच्या हाती देतो.

१८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिए नावाच्या माजी लष्करी अधिकाऱ्याची उठावदार ठिपक्यांची पद्धत संस्थेत आली. तीत बारा ठिपक्यांपर्यंतच्या जुळण्यांनी ध्वनी दर्शविले जात, मात्र शब्दांचे शुद्धलेखन दाखविता येत नसे. एक चिन्ह बोटाच्या एका स्पर्शात मावतही नसे. लुईने रात्रंदिवस खटपट करून ठिपके सहावर आणले. १८२४ मध्ये, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी बहुतांशी सिद्ध झाली. त्या सहा ठिपक्यांतून ६३ चिन्हे निघतात. १८२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात शब्दांबरोबरच संगीत आणि उपासनेतील गायन लिहिण्याचीही सोय होती. आता अंध मनुष्य स्वतःचे लिहिलेले स्वतः वाचू शकत होता.

लुई त्याच संस्थेत शिक्षक झाला आणि पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गनवादकही. त्यास अन्न मिळाले ते दयेचे नव्हे, तर श्रमाचे.

तरीही त्याच्या लिपीस मान्यता मिळेना. निराळी लिपी अंधांस डोळसांपासून तोडील, असा आक्षेप होता. त्यास लुईने कृतीने उत्तर दिले. १८३९ मध्ये त्याने ठिपक्यांनी नेहमीची अक्षरे रेखाटण्याची रीत प्रसिद्ध केली. तिच्या साहाय्याने अंध मुलगा आपल्या डोळस आईवडिलांस पत्र लिहू शके. पुढे फूको या अंध मित्राने त्या रीतीसाठी यंत्रही तयार केले. परंतु १८४० मध्ये संस्थेचे संचालक बदलले व नव्या संचालकांनी सहा ठिपक्यांची लिपी बंद केली. मुले ती चोरून लिहीतच राहिली. अखेर १८४४ मध्ये नव्या इमारतीच्या उद्‌घाटनप्रसंगी तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि विरोध मावळला.

क्षयाने जर्जर झालेला लुई ६ जानेवारी १८५२ रोजी, ४३ वर्षांचा असता, निवर्तला. फ्रान्सने त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये.

आपल्या देशात अंधांच्या शिक्षणाचा आरंभ मिशनरी भगिनींनी केला. अ‍ॅनी शार्प यांनी १८८७ मध्ये अमृतसर येथे आणि अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलर्ड यांनी १९०० मध्ये मुंबईत अंधांसाठी शाळा काढली. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी सामाईक भारती ब्रेल ठरले. २०१६ च्या कायद्याने दिव्यांग मुलांस इतरांबरोबर शिकण्याचा हक्क दिला आणि सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखून ठेवल्या.

परंतु प्रिय वाचकहो, कायदा बाक देऊ शकतो. बाकावरील मुलाच्या हाती पुस्तक आहे की नाही, हे पाहणे आपले काम आहे. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडत होता, तेव्हा त्याची गरज प्रभूस दिसत नव्हती काय? तरीही त्यास काय हवे, हे प्रभूने प्रथम त्यालाच विचारले. येत्या रविवारी आपणही त्या मुलाजवळ बसून एवढेच विचारावे.