चाळीसगावचा टांगा



आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. त्याआधी धुळे आणि इंग्रजांच्या अमदानीत पश्चिम खानदेश, हीच आपली ओळख. याच खानदेशात १९२९ साली परमपूज्य बाबासाहेब आले होते. अस्पृश्य व आदिवासी यांच्या परिस्थितीची चौकशी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सभासद होते. समितीचे काम आटोपल्यावर, धुळे लाईनीवरील एका गावातील बहिष्काराची चौकशी करून २३ ऑक्टोबरला ते चाळीसगावला परतले.

आपली माणसे हार घेऊन स्टेशनवर हजर होती. बाहेर टांगे उभे होते. तरी तासभर कोणी हालेना! शेवटी एक टांगा आला. दोनशे पावलांवर तो मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीच्या फरशीवर घोडा उधळला, चाक दगडावर आपटले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोड्यासह टांगा नदीत पडला. ते बेशुद्ध झाले, पाय मोडला.

कारण त्यांना मागाहून कळले. टांगा भाड्याने देऊ, पण महाराला बसवून हाकणार नाही, असा टांगेवाल्यांचा हेका होता. पाहुण्याने पायी यावे, हे आपल्या लोकांना कमीपणाचे वाटले. म्हणून सराव नसलेल्या आपल्यातल्याच एकाने लगाम धरला होता.

आता अठ्ठावीस वर्षे मागे चला. १९०१ साली लहानगा भीम भावाभाच्यांसह मसूर स्टेशनवर उतरला होता, गोरेगावला वडिलांकडे जाण्यासाठी. बैलगाडीवाल्याने भाडे दुप्पट घेतले, गाडी मुलांना हाकायला लावली आणि स्वतः पायी निघाला. वाटेत पाणी मिळेना, म्हणून जवळ डबा असून मुले उपाशी निजली.

या दोन प्रवासांच्या मध्ये न्यूयॉर्क झाले, लंडन झाले, बॅरिस्टरी झाली. गाडीवाला मात्र बदलला नाही. शिकलो की सुटलो, असे मानणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे. चाळीसगावनंतर सहा वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. माझ्या मते त्या घोषणेत ही फरशीही होती.

दोन्ही प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवले, तेही शिव्याशाप न देता. दीक्षा घेतलेल्या काही घरांत मात्र मुलांसमोर जुने दिवस काढत नाहीत. लाज वाटते म्हणतात. तुमच्या घरी आजी असेल, तर तिला एकदा विचारा, ती बाजाराला कशी जाई आणि वाटेत पाणी कुठे पीत असे.