सोमवारच्या सुट्टीमागचा माणूस : सर ज्युलियस व्होगेल

न्यूझीलंडला नव्याने आलेल्या प्रत्येकाला एक कोडं पडतं. जानेवारीच्या अखेरीस ऑकलंडला एका सोमवारी सुट्टी असते, पण वेलिंग्टनकरांची सुट्टी आठवडाभर आधीच होऊन गेलेली! आणि क्राइस्टचर्चची तर थेट नोव्हेंबरात. एवढ्याशा देशात हा काय प्रकार?

मंडळी, हे आहेत जुन्या प्रांतांचे वाढदिवस. प्रांत जाऊन सुमारे दीडशे वर्षं झाली, सुट्ट्या तेवढ्या उरल्या. आणि गंमत अशी, की ज्याने हे प्रांत बुडवले तो एके काळी प्रांतांचाच कट्टर वकील होता.

ज्युलियस व्होगेलचा जन्म २४ फेब्रुवारी १८३५ चा, लंडनच्या एका ज्यू कुटुंबातला. १८५२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, सोन्याच्या ओढीने तो ऑस्ट्रेलियात आला. तिथे सोन्याचा कस लावण्याचा धंदा केला, मग वर्तमानपत्रात लिहू लागला, निवडणूक लढवून हरलाही. १८६१ साली ओटागोत सोनं सापडल्याची बातमी आली आणि स्वारी डनीडनला दाखल झाली. त्याच नोव्हेंबरात त्याने भागीदारीत ओटागो डेली टाइम्स सुरू केला. या देशातलं हे पहिलं दैनिक आजही निघतं. पुढे तो राजकारणात शिरला आणि ओटागो प्रांताचा खजिना सांभाळू लागला.

तेव्हाचे प्रांत म्हणजे जवळजवळ छोटी संस्थानंच. १८५२ च्या ब्रिटिश कायद्याने सहा प्रांत झाले, पुढे आणखी काही फुटून निघाले. प्रत्येकाचं आपलं कौन्सिल, आपला सुपरिंटेंडेंट आणि मुख्य म्हणजे जमीनविक्रीचा आपला पैसा. ओटागो आणि कँटरबरी त्यावर गबर झाले. साउथलंडने मात्र चक्क लाकडी रुळांची रेल्वे बांधली, कर्जात बुडाला आणि १८७० साली मुकाट्याने ओटागोत परत गेला. रुळांची रुंदीही प्रांतागणिक वेगळी! कँटरबरीत पाच फूट तीन इंच, साउथलंडच्या ब्लफ मार्गावर चार फूट साडेआठ. आपल्याकडच्या ब्रॉडगेज-मीटरगेजची आठवण व्हावी असा कारभार.

१८६९ साली व्होगेल देशाचा खजिनदार झाला आणि चित्रच बदललं. २८ जून १८७० च्या बजेटात त्याने दहा वर्षांत एक कोटी पौंड कर्ज काढण्याची योजना मांडली. रेल्वे, रस्ते, तारायंत्र आणि जहाजं भरभरून माणसं! गेज सगळीकडे साडेतीन फूट ठरलं. १८८० पर्यंत दीड हजार किलोमीटरच्या वर रूळ पडले. या भरभराटीत माओरींच्या हातून जमिनी किती वेगाने गेल्या, हेही विसरून चालणार नाही.

कर्ज देशाचं, पण जमीन प्रांतांची, इथेच घोडं अडलं. १८७४ साली, पंतप्रधान असताना, व्होगेलने जंगलं राखण्याचा कायदा आणला आणि त्यासाठी प्रांतांकडे थोडी जमीन मागितली. प्रांत ऐकेनात. मग व्होगेलने प्रांतच मोडायचं ठरवलं. ऑकलंडचे सर जॉर्ज ग्रे, ज्यांनी गव्हर्नर असताना प्रांतांची घडी बसवली होती, ते चवताळून उठले आणि त्यांनी लंडनकडे दाद मागितली. पण उपयोग काय? प्रांत मोडण्याचा अधिकार इथल्या पार्लमेंटला आहे, हे लंडननेच १८६८ साली स्पष्ट केलं होतं. १८७५ मध्ये साध्या बहुमताने कायदा झाला. व्होगेल त्या वेळी देशातही नव्हता! १ नोव्हेंबर १८७६ ला प्रांत संपले आणि त्यांच्या जागी ६३ काउंटी आल्या. जमिनीचा पैसाही पुढच्याच वर्षी केंद्राच्या तिजोरीत गेला, आणि तेव्हा पंतप्रधान कोण, तर खुद्द ग्रे!

व्होगेलच्या नशिबी मात्र सुख नव्हतं. संधिवाताने पाय गेले, कान गेले, पैसाही गेला. १८८७ साली त्याने स्त्रियांच्या मताधिकाराचं बिल मांडलं, ते बारगळलं. १८८९ मध्ये त्याने सन २००० च्या जगावर कादंबरी लिहिली, ज्यात राज्यकारभार बायकांच्या हाती. प्रत्यक्ष २००० साली इथे हेलन क्लार्क पंतप्रधान होत्या! १२ मार्च १८९९ ला इंग्लंडमध्ये, गरिबीतच, तो गेला.

व्होगेल चूक की बरोबर? वेगवेगळ्या रुळांवर देश धावला नसता, हे खरं. पण स्थानिक संस्थेचा पैसा आणि प्राण दोन्ही पार्लमेंटच्या हाती, हा धडा तेव्हा पडला तो कायमचा. त्याच १ नोव्हेंबर तारखेला, २०१० साली, ऑकलंडची सात शहर-जिल्हा कौन्सिलं आणि रीजनल कौन्सिल मोडून एक झालं. डिसेंबर २०२५ मध्ये सरकारने रेट्सच्या वाढीला लगाम घालण्याचं जाहीर केलं. आपल्या भारतात १९९२ च्या ७३ आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिका घटनेत बसवल्या, त्यांच्या पैशासाठी दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमायचंही ठरवलं. तरी २०१७ मध्ये जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, तिथे भरपाईसाठी राज्याकडे बघण्याची पाळी आलीच. म्हणजे घटनेत लिहिलेलं असूनही जागं राहावं लागतं. इथे तर तेवढंही लिहिलेलं नाही. म्हणून तर कौन्सिलच्या निवडणुकीची मतपत्रिका पोस्टाने येते, ती फ्रिजवर चिकटवून विसरू नये!

येत्या जानेवारीत लाँग वीकएंडला समुद्रावर जाताना मुलांनी विचारलं, आज सुट्टी कसली, तर त्यांना या खटपट्या माणसाची गोष्ट जरूर सांगा.