एका खिडकीचे घर

आपल्या मंडळीत कोणी बरे न होणाऱ्या दुखण्याने अंथरुणाला खिळले, डॉक्टरांनी उपाय संपले म्हणून घरी पाठवले, की आपण भेटीस जातो, प्रार्थना करतो आणि जड मनाने परततो. पुढच्या रात्री त्या घराने कशा काढाव्यात, हे आपल्याला सुचत नाही. हाच प्रश्न ज्यांनी आपले जीवितकार्य मानले, त्या डॉ. सिसिली साँडर्स यांचे चरित्र आज पाहू.

साँडर्सबाईंचा जन्म २२ जून १९१८ रोजी लंडनजवळच्या बार्नेट येथे झाला. महायुद्धात ऑक्सफर्डचे शिक्षण सोडून त्या परिचारिका झाल्या. पण पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटले. मग त्या रुग्णालयात रोग्यांच्या घरच्या अडचणी पाहू लागल्या. १९४५ साली त्यांचा प्रभूवर विश्वास बसला.

पुढची वाट त्यांना एका मरणोन्मुख माणसाने दाखवली. डेव्हिड टास्मा हा पोलंडचा यहुदी निर्वासित लंडनमध्ये कर्करोगाने आजारी होता. बाई त्याच्याजवळ जाऊन बसत. अशा रोग्यांसाठी वेगळे घर असावे, असे दोघांच्या बोलण्यात आले. १९४८ साली तो वारला, तेव्हा त्या घराच्या एका खिडकीसाठी त्याने ५०० पौंड मागे ठेवले होते. घर उभे राहण्यास मात्र १९ वर्षे लागली.

डॉक्टर झाल्याशिवाय आपले कोणी ऐकणार नाही, हे ओळखून बाईंनी वयाच्या ३३ व्या वर्षी वैद्यकीय शिक्षण आरंभले व १९५७ साली ते पुरे केले. त्या काळी वेदना असह्य झाल्यावरच मॉर्फिन देण्याची रीत होती. सवय लागेल अशी भीती असे. रोमन कॅथलिक भगिनींच्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये बाईंनी ते औषध वेदना परतण्याआधीच, ठरल्या वेळी, तोंडावाटे देण्यास सुरुवात केली. रोगी शुद्धीवर राहून घरच्यांशी बोलू लागले. शरीराचे दुखणे, मनातली भीती, घरची काळजी आणि देवाविषयीचे प्रश्न ही सर्व मिळून एकच वेदना होय, असे त्या शिकवीत.

१९६७ साली लंडनमध्ये त्यांचे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. टास्माची खिडकीही तेथे आहे. १९६९ पासून तेथील परिचारिका रोग्यांच्या घरी जाऊ लागल्या. १४ जुलै २००५ रोजी, ८७ व्या वर्षी, साँडर्सबाई त्याच घरात कर्करोगाने प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या. आपल्या देशात मुंबईचे शांती आवेदना सदन १९८६ साली अशाच सेवेसाठी सुरू झाले.

वेदना निमूट सोसणे हीच श्रद्धा, असे समजून आपण कित्येकदा रोग्याला औषध मागू देत नाही. दाखल्यातील शोमरोन्याने तर आधी जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, मग उतारशाळेचा खर्चही दिला. म्हणून भेटीस जाताना घरच्यांना दोन गोष्टी विचाराव्यात: वेदना कमी करणाऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलणे झाले काय? आणि रात्री उशाशी कोण बसते? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर आपल्यापैकी चौघांनी पाळ्या वाटून घ्याव्यात. प्रार्थना तेथे बसूनही करता येते.