संत जोसेफिन बखिता: गुलामगिरीतून मुक्ततेकडे



८ फेब्रुवारी हा संत जोसेफिन बखिता हिचा सण. २०१५ पासून ख्रिस्तसभा हाच दिवस मानवी तस्करीविरोधी प्रार्थना व जागृती दिन म्हणून पाळत आहे. त्या निमित्ताने आम्ही या संत भगिनीची जीवनकथा आपल्यापुढे ठेवीत आहोत.

१८६९ च्या सुमारास सुदानमधील दारफूर प्रांतात ओल्गोसा या गावी तिचा जन्म झाला. घर खाऊनपिऊन सुखी होते. परंतु गुलामांच्या व्यापाऱ्यांनी आधी तिच्या थोरल्या बहिणीला पळवले आणि पुढे, ती सात ते नऊ वर्षांची असताना, तिलाही नेले. त्या धक्क्याने ती स्वतःचे नावसुद्धा विसरली. पळवणाऱ्यांनीच तिला ‘बखिता’ हे अरबी नाव दिले. त्याचा अर्थ भाग्यवान! शेकडो मैल अनवाणी चालवत तिला अल ओबेद शहरी नेण्यात आले. ती अनेक वेळा विकली गेली. एकदा दुसऱ्या एका मुलीबरोबर ती निसटलीही, पण पुन्हा पकडली गेली. एका तुर्की सेनाधिकाऱ्याच्या घरी तर तिच्या अंगावर धारदार पात्याने नक्षी कोरून जखमांत मीठ भरण्यात आले. ते शंभराहून अधिक व्रण तिने आयुष्यभर वागवले.

१८८३ साली खार्टूम येथे इटलीचे उपवाणिज्यदूत कॅलिस्तो लेन्यानी यांनी तिला विकत घेतले. त्यांच्या घरी तिला मारहाण झाली नाही. १८८५ मध्ये ती त्यांच्याबरोबर इटलीला आली आणि तेथे मिकिएली कुटुंबाकडे सोपवली गेली. त्यांची लहानगी मिम्मिना तिने सांभाळली. छळ थांबला होता, पण आपण कोठे राहायचे हे ठरवण्याचा हक्क तिला अजून नव्हता.

१८८८ मध्ये मिकिएली बाई परदेशी असताना मिम्मिना आणि बखिता यांना व्हेनिस येथील कनोसा भगिनींकडे ठेवण्यात आले. तेथे बखिताला प्रभू येशूची ओळख झाली. वर्षभराने बाई परत आल्या व तिला सुदानला घेऊन जाऊ लागल्या. तेव्हा बखिताने ठामपणे नकार दिला. तिच्याजवळ पैसा नव्हता, नातेवाईक नव्हते. शिवाय जीव लावलेल्या मिम्मिनालाही सोडावे लागणार होते. तरीही ती डगमगली नाही.

येथे आम्हांला थांबावेसे वाटते. मदर सुपिरियर आणि व्हेनिसचे कार्डिनल तिच्या पाठीशी उभे राहिले. प्रकरण अधिकाऱ्यांपुढे गेले. इटलीचा कायदा गुलामगिरी मानत नव्हता आणि ती सज्ञान झाली होती. २९ नोव्हेंबर १८८९ रोजी ती स्वतंत्र असल्याचा निर्णय झाला. तिला कोणी स्वातंत्र्य बहाल केले असे नव्हे. जे देवाने जन्मतःच दिले होते, ते अखेर मान्य झाले. मात्र त्यासाठी तिच्या नकाराला निवारा देणारे घर, बाजू मांडणारी माणसे आणि न्याय देणारा कायदा, हे तिन्ही लागले.

९ जानेवारी १८९० रोजी तिचा बाप्तिस्मा झाला. १८९६ मध्ये तिने कनोसा भगिनी म्हणून व्रते घेतली. पुढे स्किओ येथील मठात तिने स्वयंपाक, भरतकाम, सॅक्रिस्टी आणि दारावरची सेवा केली. गावची मुले तिच्याभोवती जमत. ८ फेब्रुवारी १९४७ रोजी तेथेच ती देवाघरी गेली. अखेरच्या दुखण्यात, ग्लानीत असताना, ती आपल्या बेड्या सैल करण्याची विनवणी करीत होती. सत्तर वर्षांनंतरही त्या बेड्या मनातून गेल्या नव्हत्या! १ ऑक्टोबर २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला संतपद दिले.

तिने आपल्या छळकर्त्यांना मनापासून क्षमा केली. परंतु ती क्षमा तिची होती. सुटून आलेल्या मुलीला आपण ‘झाले गेले विसर’ असे सांगू लागलो, तर तो तिच्यावर नवा अन्याय ठरेल. आधी तिला सुरक्षितता हवी, औषधोपचार हवेत, कायद्याची मदत हवी आणि न विचारता सोबत बसणारे माणूस हवे.

भारतीय संविधानाच्या २३ व्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी यांना बंदी आहे. तरीही नोकरीचे, लग्नाचे आमिष दाखवून मुलींना दूर नेले जाते आणि त्यांची कागदपत्रे, फोन काढून घेतले जातात. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाची नीट चौकशी करावी. शेजारच्या घरात कामाला ठेवलेली लहान मुलगी कधी बाहेर दिसत नसेल, तर गप्प राहू नये. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

बखिताला व्हेनिसमध्ये एक उघडे दार मिळाले. आपल्या धर्मग्रामातील दारे अशीच उघडी राहोत, ही प्रार्थना.

संत जोसेफिन बखिता, आम्हांसाठी विनंती कर.